इंग्रजीतील धातुसाधित विशेषणे : ‘बोअरिंग’ की ‘बोअर्ड’?

क्रियापदापासून तयार होऊन नामाविषयी जादा माहिती देणाऱ्या शब्दाला धातुसाधित विशेषण म्हणतात. इंग्रजीत त्याची दोन रूपे आहेत. ‘-इंग’ लागलेले वर्तमानकालवाचक, आणि ‘-एड’ लागलेले किंवा ‘ब्रोकन’, ‘फ्रोझन’ यांसारखे अनियमित भूतकालवाचक.

क्रिया चालू आहे की पूर्ण झाली एवढाच प्रश्न असेल, तर मराठी माणसाला अडचण येत नाही. आपले ‘-ता’ आणि ‘-लेला’ तिथे चपखल बसतात. पावसाळ्यात मुंबईत घरोघर पाणी उकळून, गाळून भरून ठेवतात. पातेल्यात बुडबुडे येत असतात तोवर ते ‘बॉइलिंग’, म्हणजे उकळते. गार होऊन माठात गेले तरी ते ‘बॉइल्ड’च, म्हणजे उकळलेले. धावती लोकल ‘रनिंग ट्रेन’ होते तीही याच न्यायाने.

घोटाळा होतो तो भावनांच्या शब्दांत. मराठीत ‘मला कंटाळा आला’ म्हणतात. इथे कर्ता कंटाळा, माणूस चतुर्थीत. त्यात मुंबईच्या बोलीने ‘बोअर’ हा शब्द प्रत्ययाविनाच उचलला. ‘लेक्चर बोअर होतं’ आणि ‘मी बोअर झालो’, दोन्हीकडे तोच. इंग्रजी बोलताना मात्र प्रत्यय निवडावाच लागतो, आणि मुलाखतीला बसलेली हुशार मुलगी ‘आय ॲम इंटरेस्टिंग इन धिस जॉब’ म्हणून जाते. तिला म्हणायचे असते ‘इंटरेस्टेड’. ऐकणाऱ्याला वाटते, ही स्वतःलाच रंजक म्हणवते आहे.

‘वस्तूला इंग, माणसाला एड’ हा क्लासमधला ठोकताळा पाठ करू नये, कारण तो खोटा आहे. ‘बोअरिंग टीचर’ अगदी शुद्ध आहे: शिक्षक कंटाळा आणतात. ‘वरीड लुक’ही शुद्ध आहे, नजर वस्तू असली तरी तिच्यातली काळजी माणसाची आहे. खरा प्रश्न असा : भावना निर्माण कोण करतो, आणि ती होते कोणाला? निर्माण करणाऱ्याला ‘-इंग’, जिला किंवा ज्याला होते त्याला ‘-एड’.

शब्द उसना घेताना हा ‘-एड’ पुष्कळदा गळतो. मुंबईच्या गाडीवर ‘ग्रिल्ड’ नव्हे, ‘ग्रिल सँडविच’ मिळते. खुद्द इंग्रजीतही ‘आइस्ड टी’चे ‘आइस टी’ झालेलेच आहे.