टुटू: पदन्यास दिसावा म्हणून आखूड होत गेलेला घागरा

बॅले म्हटलं की कमरेभोवती ताटलीसारखा आडवा पसरलेला पांढरा घागरा डोळ्यांपुढे येतो. त्याला टुटू म्हणतात. पण हे त्याचं बरंच अलीकडचं रूप. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला पॅरिस ऑपेराच्या नर्तकी दरबारी थाटाचे, जड, पायघोळ झगे घालूनच नाचत. १७२६ मध्ये तिथे पदार्पण केलेल्या मारी कामार्गोने आपला झगा घोट्याच्या वर घेतला. उडी मारून हवेतच पाय एकमेकांवरून झरझर फिरवणं ही तिची खासियत होती आणि ती प्रेक्षकांना दिसायला हवी होती. तेवढ्यानेही तेव्हा खळबळ माजली.

खरा बदल १२ मार्च १८३२ रोजी झाला. ‘ला सिल्फीद’ या बॅलेत मारी ताल्योनी वनपरी होऊन आली ती तंग चोळी आणि पोटरीपर्यंतचा, थरावर थर असलेला झिरझिरीत पांढरा घागरा घालून. गॅसच्या दिव्यांत तो धुक्यासारखा तरंगे. याच घाटाला आज ‘रोमँटिक टुटू’ म्हणतात. ‘जिझेल’ या बॅलेमध्ये तो अजूनही दिसतो. टुटू हा शब्द मात्र एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाला. फ्रेंच लहान मुलं पार्श्वभागाला जे म्हणतात, त्यावरून तो आल्याचं मानलं जातं.

ज्या उजेडाने हे कापड खुलवलं, तोच त्याचा वैरी ठरला. पातळ सुती कापड, थरांमध्ये खेळती हवा आणि शेजारी उघडी ज्योत. १८४४ मध्ये लंडनच्या ड्रुरी लेन थिएटरात क्लारा वेब्स्टर रंगमंचावरच पेटली आणि त्यात तिचा अंत झाला. फटकडीसारख्या क्षारांच्या द्रावणात कापड भिजवलं की ते सहजी पेटत नसे. १८५९ मध्ये फ्रान्समध्ये तसं फर्मानही निघालं. पण असं कापड ताठ आणि मळकट होई. ताल्योनीची लाडकी शिष्या एमा लिव्री हिने ते घालायला साफ नकार दिला. १८६० मध्ये ताल्योनीने तिच्यासाठी बसवलेल्या ‘ले पापियाँ’ बॅलेत मशालीच्या ज्योतीने पंख होरपळलेल्या फुलपाखराची भूमिका तिने केली होती. १५ नोव्हेंबर १८६२ रोजी तालमीत तिच्या घागऱ्याला गॅसच्या दिव्याची आग लागली. आठ महिने यातना भोगून ती गेली, तेव्हा ती अवघी वीस वर्षांची होती. तिचा नकार हट्ट म्हणून सोडून देणं मला पटत नाही. ताठ घागऱ्यात ते तरंगणं साधलंच नसतं, आणि तिची कला त्यावरच उभी होती.

पुढे इटालियन नर्तकींनी घागरा गुडघ्याच्या वर नेला. १८८५ मध्ये रशियात सेंट पीटर्सबर्गला गेलेली व्हर्जिनिया झुक्की त्यात अग्रेसर होती. गिरक्या अवघड होत चालल्या होत्या. १८९५ च्या ‘स्वान लेक’ या बॅलेमध्ये पिएरिना लेन्यानीने एका पायावर सलग बत्तीस गिरक्या घेतल्या. असं नृत्य पाहायचं तर मांडीपर्यंतचा पाय दिसायला हवा. विसाव्या शतकात जाळीच्या थरांत तारेचं कडं आलं आणि घागरा पूर्ण आडवा झाला.

त्या कड्याने नवीच अडचण आणली. नर्तकी दाटीने उभ्या राहिल्या की एकीचा घागरा दुसरीला लागून दोन्ही तिरपे होत. १९५० मध्ये वेशभूषाकार बार्बारा करिन्स्का हिने नृत्यदिग्दर्शक जॉर्ज बॅलन्शिनच्या ‘सिंफनी इन सी’ या बॅलेसाठी कडं काढून टाकलं आणि जाळीचे आखूड थर सैल टाक्यांनी एकमेकांत गुंतवले. हा मऊ, किंचित खाली झुकणारा घाट ‘पावडर पफ’ नावाने ओळखला जातो.