पदवीधर कुठून उठले, कुठे बसले

वर्षभरापूर्वी तुम्ही याच घरात राहत होता का? अमेरिकेचा जनगणना विभाग दरवर्षी सुमारे ३५ लाख पत्त्यांवर जी प्रश्नावली धाडतो, तिच्यात हा प्रश्न असतो. उत्तर ‘नाही’ असेल तर आधीचा ठावठिकाणा लिहायचा. शिक्षण किती, तेही तिथेच. कुठल्या महानगरातून किती पदवीधर उठले आणि कुठे जाऊन बसले, हे या दोन उत्तरांच्या जोडीवरून कळतं.

१९८० नंतर बराच काळ हे पारडं एकाच बाजूला झुकत होतं. जिथे पदवीधर आधीच जास्त, तिकडेच नवे जात. मायक्रोसॉफ्ट १९७९ मध्ये अल्बुकर्कीहून सिएटलजवळच्या बेलव्ह्यूला आली, कारण दोन्ही संस्थापकांचं घर तिकडे. पुढे अभियंते आले आणि त्यांच्यामागून इतर कंपन्या. बर्कलीचे अर्थतज्ज्ञ एन्रिको मोरेत्ती यांच्या हिशेबाने उच्च तंत्रज्ञानातली एक नोकरी त्या शहरात कालांतराने आणखी पाच नोकऱ्या उभ्या करते. त्यात डॉक्टर-वकील आले, तसे न्हावी आणि वेटरही.

पण या सगळ्यांना राहायला घर हवं, आणि किनाऱ्यावरच्या शहरांनी बांधकामाचे नियम आवळून ठेवलेले. पीटर गॅनाँग आणि डॅनियल शोग या अर्थतज्ज्ञांनी वकील आणि सफाई कामगार यांची तुलना केली आहे. १९६० साली दक्षिणेकडच्या राज्यांपेक्षा न्यूयॉर्क भागात राहणं, घरखर्च वजा करूनही, दोघांना परवडत होतं. २०१० पर्यंत वकिलाचा फायदा टिकला, सफाई कामगाराचा तोटा होऊ लागला. साहजिकच कमी पगाराचे लोक बाहेर पडू लागले आणि पदवीधर येत राहिले.

मग घरांच्या किमतींनी पदवीधरांनाही गाठलं. त्यात महामारी आली. घरून काम करणाऱ्यांचं प्रमाण २०१९ मधल्या ५.७ टक्क्यांवरून २०२१ मध्ये १७.९ टक्क्यांवर गेलं. सॅन फ्रान्सिस्को, लॉस एंजेलिस, न्यूयॉर्क इथून देशात इतरत्र गेलेले पदवीधर आलेल्यांपेक्षा जास्त भरले. डॅलस, ऑस्टिन, फिनिक्स, टॅम्पा यांची बाजू जमेची. टेक्सास-फ्लोरिडात राज्याचा आयकर नाही म्हणून लोक गेले, असं हमखास ऐकू येतं. मला ते अर्धंच पटतं. सॅन फ्रान्सिस्को सोडणारे कितीतरी जण जेमतेम सॅक्रामेंटोपर्यंत जातात. राज्य तेच, आयकरही तोच. स्वस्त असतं ते घर.

आकडे वाचताना मात्र जपून. बॉस्टनला अठराव्या वर्षी विद्यार्थी येतो तेव्हा तो पदवीधर नसतो, बाविसाव्या वर्षी जातो तेव्हा असतो. असे सगळे मोजले तर बॉस्टनच्या माथी कायम तोटाच लागेल. म्हणून अभ्यासक सहसा पंचविशीच्या आतले वगळतात.

दुसरी गोम आपल्याकडच्या अनेक घरांना जवळची. पुण्याहून सॅन होजेला गेलेली अभियंता परदेशातून आलेल्यांत धरली जाते, देशांतर्गत स्थलांतराच्या रकान्यात ती नसतेच. चार वर्षांनी तीच नवऱ्या-मुलांसह डॅलसला गेली, की सॅन होजेच्या खात्यात एक पदवीधर उणे. तिच्या येण्याची जमा मात्र त्या खात्यात कधीच पडलेली नसते. एवढी गळती दाखवूनही सॅन होजे महानगरात पंचविशीपुढच्या निम्म्याहून अधिक लोकांकडे पदवी आहे.