एक क्ले वाळते, दुसरी जमते

ठाण्यातल्या जांभळी नाक्याच्या बाजारात हस्तकलेचे सामान मिळणाऱ्या दुकानात जाऊन ‘भट्टीत न भाजता कडक होणारी क्ले द्या’ असे सांगितले, तर समोर दोन वेगळी पाकिटे येण्याची शक्यता असते. एकात पांढऱ्या, थंड, ओलसर मातीची एकच वडी असते. दुसऱ्यात वेगवेगळ्या रंगांच्या किंवा वेगवेगळ्या वेष्टनांतल्या दोन वड्या असतात आणि त्यांपैकी एकीवर रेझिन, तर दुसरीवर हार्डनर असे छापलेले असते. पहिली ‘एअर ड्राय क्ले’ या नावाने विकली जाते. दुसरी, म्हणजे इपॉक्सी क्ले, आपल्याकडे पिडिलाइटच्या ‘शिल्पकार’ आणि ‘मोल्ड-इट’ या उत्पादनांमुळे घरोघरी माहीत झाली आहे. दोन्ही हाताने मळायच्या, दोन्हींना ओव्हन लागत नाही, दोन्ही उघड्यावर ठेवल्या की दुसऱ्या दिवशी कडक झालेल्या दिसतात, त्यामुळे बोलताना दोन्हींना सरसकट ‘हवेत वाळणारी माती’ म्हटले जाते. घोटाळा येथूनच सुरू होतो, कारण या दोहोंपैकी हवेत वाळते ती एकच.

फरक समजून घ्यायला स्वयंपाकघरातली दोन कामे आठवावीत. सांडगे वाळतात आणि दही लागते. सांडग्यातले पाणी उडून जाते म्हणून तो कडक होतो, आणि त्यासाठी कोरडी हवा लागते. दुधाचे दही होताना मात्र काहीही उडून जात नाही, विरजण पडल्यावर दुधाच्या आतच बदल घडतो, आणि त्याला हवेच्या कोरडेपणाशी काही देणेघेणे नसते, उबेशी मात्र असते. एअर ड्राय क्ले सांडग्याच्या जातीची आहे. तिच्यात खनिजांची बारीक पूड, कागदाच्या लगद्यासारखे तंतू, चिकटपणासाठी एखादा डिंक किंवा खळ आणि हे सारे मऊ ठेवणारे पाणी असते. पाणी गेले की उरलेले कण एकमेकांना घट्ट धरून बसतात. इपॉक्सी क्ले दह्याच्या जातीची आहे. रेझिन आणि हार्डनर एकत्र मळले की त्यांच्यात रासायनिक क्रिया होऊन कायमचे जाळे तयार होते आणि वडी आतून-बाहेरून जवळपास एकाच वेळी जमते. काम करताना तिचा पृष्ठभाग गुळगुळीत करण्यासाठी ओले बोट फिरवतात, त्यामुळे तीही पाण्याचीच माती आहे असा समज आणखी पक्का होतो. प्रत्यक्षात ते पाणी फक्त बोट चिकटू नये म्हणून असते.

ठाण्यात राहणाऱ्या माणसाला हा फरक पुस्तकी वाटण्याचे कारण नाही. येथे पावसाळ्यात अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, जुलै-ऑगस्टमध्ये हवेतली आर्द्रता दिवसचे दिवस ऐंशी टक्क्यांच्या वर राहते, आणि त्या काळात गॅलरीतल्या दोरीवरचे टॉवेल तिसऱ्या दिवशीही दमट लागतात. ज्या हवेत टॉवेल वाळत नाही, त्या हवेत क्ले वाळेल अशी अपेक्षा धरणे चूक आहे, हे मला एका भाद्रपदात चांगलेच कळले. दसऱ्याला नातेवाइकांना पाठवण्यासाठी मी आपट्याच्या पानांचे ठसे घेतलेली भेटकार्डे करायला घेतली होती. पांढऱ्या क्लेची पातळ पोळी लाटून तिच्यावर पान उलटे, म्हणजे शिरा वर आलेली बाजू खाली, ठेवून लाटणे फिरवले की आपट्याच्या त्या जोडपानाचा फार सुरेख ठसा उठतो. उन्हाळ्यात हीच पोळी एका दिवसात, फार तर दीड दिवसात वाळली असती. त्या आठवड्यात ती चौथ्या दिवशीही वाळली नव्हती. आणि घाईने मी पंखा लावला, तेव्हा वरचा थर आधी आवळला, खालचा ओलाच राहिला आणि पानांच्या कडा तळलेल्या पापडासारख्या वर वळल्या.

वळण्याचे आणि तडे जाण्याचे कारण एकच आहे. पाणी जाताना माती आकसते. बहुतेक एअर ड्राय क्लेच्या बाबतीत हे आकसणे साधारण पाच ते दहा टक्के धरून चालावे. सगळी बाजू सारखी आकसली तर वस्तू फक्त थोडी लहान होते, पण एक बाजू दुसरीच्या पुढे गेली तर ताण येतो आणि तो ताण कधी कड वळवून, तर कधी मधोमध चीर पाडून मोकळा होतो. म्हणून पोळीची जाडी सगळीकडे सारखी, तीन ते पाच मिलिमीटरच्या दरम्यान ठेवावी, तुकडे ताटलीऐवजी जाळीवर ठेवावेत, दर काही तासांनी उलटावेत, आणि वारा थेट लागणार नाही असे पाहावे. तुकडे अर्धवट घट्ट झाले, की दोन कोऱ्या पुठ्ठ्यांच्या मध्ये ठेवून वर हलके पुस्तक ठेवले तर ते सपाट राहतात. पावसाळ्यात घरात एसी असेल, तर त्याचा ‘ड्राय’ मोड पंख्यापेक्षा कितीतरी उपयोगी पडतो, कारण पंखा दमट हवाच फिरवतो आणि एसी हवेतले पाणी काढून घेतो.

तुकडा पूर्ण वाळला की नाही, हे डोळ्यांनी ठरवू नये. तो गालाला लावून पाहावा. आत पाणी शिल्लक असेल, तर ते उडून जाताना उष्णता घेऊन जाते आणि तुकडा गार लागतो. पूर्ण वाळलेला तुकडा खोलीइतकाच लागतो. याहून खात्रीचा उपाय म्हणजे स्वयंपाकाचा वजनकाटा: सलग दोन वेळा वजन सारखेच भरले, तर उडून जाण्यासारखे पाणी उरलेले नाही. एवढी काळजी घ्यायची ती रंगासाठी. ओलसर तुकड्यावर ॲक्रिलिक रंग आणि वॉर्निश चढवले, की ओलावा आत कोंडला जातो, आणि कागदाचे तंतू व खळ हे बुरशीचे आवडते खाद्य असल्याने काही आठवड्यांनी रंगाखालून काळे ठिपके वर येतात.

इपॉक्सी क्लेला या सगळ्याची पर्वा नसते. बाहेर मुसळधार पाऊस कोसळत असला तरी ती ठरलेल्या वेळेत जमते, कारण तिला काही बाहेर टाकायचेच नसते. तिचा वेळ ठरतो तो तापमानावर. मे महिन्याच्या दुपारी ती हातात असतानाच घट्ट होऊ लागते, आणि जानेवारीच्या पहाटे, ठाण्यात जी काही थंडी पडते तेवढीसुद्धा, तिला मंद करायला पुरते. साधारणपणे मळल्यापासून अर्धा-पाऊण तास ती आकार घेते, काही तासांत कडक होते आणि पूर्ण ताकद यायला चोवीस तास द्यावेत. नेमका वेळ पाकिटावर छापलेला असतो आणि तोच प्रमाण मानावा.

तिची परीक्षा सुरुवातीलाच असते. दोन्ही वड्यांचे भाग पाकिटावर सांगितलेल्या प्रमाणात, बहुधा समसमान, घ्यायचे आणि रंगाची एकही रेघ दिसेनाशी होईपर्यंत मळायचे. कणीक मळताना पाणी जास्त झाले तर पीठ घालता येते, तशी सवलत येथे नाही. प्रमाण चुकले किंवा मळणे अर्धवट राहिले, तर तेवढा भाग चिकट राहतो, आणि तो दुसऱ्या दिवशी, आठवड्याने किंवा महिन्यानेही चिकटच राहतो. एअर ड्राय क्ले ओली राहिली असेल तर थांबणे हा उपाय असतो, इपॉक्सी क्ले चिकट राहिली असेल तर ती खरवडून काढणे हाच. नवख्या माणसाला दोन्ही वेळा लक्षण सारखे दिसते, म्हणून तो दुसऱ्या वेळीही वाट पाहत बसतो.

या क्लेचे आकसणे नगण्य असते, आणि बाटली, दिव्याचा पत्रा किंवा आरशाची चौकट मढवायची असेल तेव्हा हाच गुण निर्णायक ठरतो. काचेच्या बाटलीवर एअर ड्राय क्लेचा थर चढवला, तर माती आकसू पाहते, काच हलत नाही, आणि मातीला फाटण्यावाचून दुसरा मार्ग राहत नाही. भेगेत त्याच मातीची पातळ लापशी भरून दुरुस्ती करता येते, पण काचेवरचा तो थर पुढच्या ऋतूत पुन्हा कुठेतरी उकलतो. इपॉक्सी क्ले काच, लाकूड आणि धातू यांना स्वतःच चिकटून बसते. दारावरची नावाची पाटी, भिंतीवरचे म्युरल, बाटलीवरची नक्षी ही कामे तिचीच आहेत. दाराबाहेरच्या पाटीवर पावसाचे शिंतोडे येतात, आणि वाळलेली एअर ड्राय क्ले पाणी लागले की पुन्हा मऊ पडते. वॉर्निशचे दोन हात मागच्या बाजूसह सगळीकडून दिले तरी ती दमटपणापासून वाचते, पाण्यात टिकत नाही.

भेटकार्डाच्या बाबतीत मात्र मी निःशंकपणे वाळणाऱ्या क्लेच्या बाजूने आहे. पाच सेंटिमीटर व्यासाची, तीन मिलिमीटर जाडीची चकती घेतली तर तिचे आकारमान सुमारे सहा घनसेंटिमीटर भरते. इपॉक्सी क्लेमध्ये खनिजाची पूड ठासून भरलेली असल्याने अशी एकच चकती दहा ग्रॅमच्या आसपास जाते, आणि टपालखात्याच्या साध्या पत्राचा पहिला टप्पा वीस ग्रॅमला संपतो, हे लक्षात घेतले म्हणजे कार्ड आणि पाकीट यांना काय उरते ते कळेल. एअर ड्राय क्लेची चकती वाळल्यावर हलकी होते. एक पथ्य मात्र पाळावे लागते: ओली माती थेट कार्डावर दाबू नये, कारण कागद तिचे पाणी शोषून फुगतो आणि कार्डाला कायमची पन्हळ पडते. तुकडा आधी प्लॅस्टिकच्या कागदावर पूर्ण वाळवावा आणि मगच जाड कार्डपेपरवर फेव्हिकॉलने चिकटवावा. दोन्ही प्रकारच्या पातळ चकत्या टपालाच्या शिक्क्याखाली मोडू शकतात. आपट्याची ती कार्डे मी शेवटी हातोहातच दिली.

नक्षीची नजाकत हवी असेल, फुलाच्या पाकळीची कड कागदाइतकी पातळ हवी असेल, तर इपॉक्सी क्ले सरस आहे, कारण तिची पातळ कड सहसा तुटत नाही. लेसचा किंवा पानाचा ठसा दोन्हींत चांगला उठतो. रंग दोन्हींवर ॲक्रिलिकच द्यावेत. वाळलेल्या एअर ड्राय क्लेवर पाण्याचे रंग लावले की पृष्ठभाग खरखरीत होतो.

मुलांच्या हातात कोणती द्यावी, याबद्दल संदेह ठेवू नये. सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये सुट्टीतले हस्तकला वर्ग भरतात, तेथे ‘क्ले आणा’ एवढाच निरोप गेल्यावर निम्मी मुले एक वडी आणि उरलेली दोन वड्या घेऊन आलेली मी पाहिली आहेत. न जमलेले रेझिन आणि हार्डनर यांच्यामुळे त्वचेला ॲलर्जी येऊ शकते, आणि ती एकदा आली की पुढे प्रत्येक वेळी थोड्याशा स्पर्शानेही पुरळ उठू शकते. म्हणून मोठ्यांनीही ती नायट्रिलचे हातमोजे घालून, खिडकी उघडी ठेवून मळावी. जमलेली वस्तू हाताळायला हरकत नाही, पण तिला पॉलिशपेपर लावायचा असेल तर तोंडाला मास्क असावा. हीच सूचना वाळलेल्या एअर ड्राय क्लेच्या बारीक धुळीलाही लागू आहे.

दिवाळीच्या पणतीसाठी यांपैकी कोणतीही वापरू नये. एअर ड्राय क्ले तेल शोषते आणि तिच्यातले कागदाचे तंतू काजळतात, इपॉक्सी क्ले तापली की मऊ पडते आणि जळू लागली तर विषारी धूर देते. कुंभाराने आव्यात भाजलेली पणती हाच त्याला पर्याय आहे. बाहेरून सजवलेल्या वाटीत धातूच्या कपातली छोटी मेणबत्ती ठेवण्यापुरती सूट घेता येते, तीही ज्योत कडेपासून दूर असेल तर. घरीच छोटी गणेशमूर्ती करण्याचा उत्साह असलेल्यांनाही हेच सांगावे लागते. शाडूची मातीही हवेतच वाळते, पण तिच्यात कृत्रिम डिंक नसतो, त्यामुळे ती पाण्यात विरघळून पुन्हा माती होते. एअर ड्राय क्लेची मूर्ती कृत्रिम तलावात नेली तर तिचा चिकट गाळ होतो, आणि इपॉक्सीची मूर्ती जशीच्या तशी तळाशी बसून राहते.

उरलेल्या मालाचा हिशेब दोघींचा उलटा आहे. एअर ड्राय क्लेचे पाकीट उघडले की तिचे आयुष्य सुरू होते. उरलेली वडी प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळून, ओल्या फडक्याच्या तुकड्यासह हवाबंद डब्यात ठेवावी लागते, आणि थोडी कडक झाली तर पाण्याचा हात लावून मळल्यावर ती पुन्हा कामाला येते. इपॉक्सीच्या दोन वड्या एकमेकींना न भेटता महिनोन्‌महिने मऊ राहतात, पण एकदा एकत्र मळल्या, की डबा, फडके किंवा फ्रिज यांपैकी काहीही त्यांना मागे आणू शकत नाही. म्हणून तिचा गोळा पुढच्या अर्ध्या तासात संपेल एवढाच करावा, आणि आधी सुपारीएवढा करून पाहावा.