नसबंदीनं माणूस कमजोर होते म्हणे, काऊन होते बाप्पा?

आमच्या यवतमाळ-वाशिमकडं माणसाच्या नसबंदीचा विषय काढा, उत्तर ठरलेलं, "अशक्तपणा येते, मंग वावरात डवरं कोन हाकलन, पोतं कोन उचलन?" आन सासूच म्हणते, सुनेचं करून टाका. वर्षानुवर्षं हेच चालू आहे, पण ते खरं नाई.

बिनटाक्याच्या नसबंदीत जागा बधिर करून चामडीला बारीक छिद्र पाडतात आणि शुक्राणू वाहून नेणारी नळी कापून बांधतात, बस, १५-२० मिनिटाचं काम, त्याच दिवशी घरी. ताकद आणि मर्दानगी ज्या हार्मोनवर चालते ते टेस्टोस्टेरॉन या नळीतून जातच नाई, ते सरळ रक्तात मिसळते, त्यामुळं नळी बांधली तरी ते बनतच राहते. दोन दिवस आराम आन आठवडाभर जड काम नको, एवढंच.

बाईच्या ऑपरेशनात मात्र पोटात शिरावं लागते, तरी तीच जाते आन टाके ओले असतानाच पऱ्हाटी वेचायलेबी लागते, तिचा अशक्तपणा कोनाले दिसत नाई. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशात बायकांची नसबंदी ३७.९ टक्के आणि माणसांची ०.३! एखाद्याची तयारी असली तरी पानठेल्यावरचे दोस्त "बायकोचा गुलाम" म्हणतीन म्हणून तो गप्प बसते.

हां, एक ध्यानात ठेवा, असर लगेच होत नाई. तीन महिने निरोध वापरा, मंग वीर्याची तपासणी करून घ्या.