इलेक्टोरल कॉलेज: ‘राज्य ज्याचे, मते सगळी त्याची’ हा नियम कुठून आला?

अमेरिकेचा अध्यक्ष निवडतात ते ५३८ निर्वाचक; त्यांचा गण म्हणजे इलेक्टोरल कॉलेज. प्रतिनिधिगृहातल्या जागा अधिक सिनेटच्या दोन, इतके निर्वाचक प्रत्येक राज्याला मिळतात. राजधानी वॉशिंग्टनला तीन. २७० झाले की बहुमत. या पद्धतीवर टीका झाली की बोट आधी छोट्या राज्यांकडे जाते, आणि त्यात तथ्य आहे. २०२० च्या जनगणनेनुसार वायोमिंगमध्ये सुमारे १ लाख ९२ हजार लोकांमागे एक निर्वाचक, कॅलिफोर्नियात ७ लाख ३२ हजारांमागे एक. पण मोठा अन्याय दुसराच आहे: राज्यात ज्याला सर्वाधिक मते, त्याला तिथले सगळे निर्वाचक. आणि हा नियम घटनेत लिहिलेला नाही.

१७८७ मध्ये फिलाडेल्फियात घटना तयार होत असताना जेम्स विल्सन यांनी थेट लोकमताचा आग्रह धरला होता. त्यातली गुलामगिरी असलेल्या दक्षिणेकडच्या राज्यांची अडचण जेम्स मॅडिसन यांनी १९ जुलैला उघड मांडली: तिथे मताधिकार मोजक्यांना होता आणि थेट मतदानात गुलामांची संख्या हिशोबात येणार नव्हती. प्रतिनिधिगृहाच्या जागांसाठी मात्र पाच गुलाम म्हणजे तीन माणसे, असे ठरले होते. निर्वाचक त्याच जागांना जोडले गेले आणि ज्यांना मत नव्हते त्यांच्या जोरावर मालकांच्या राज्यांचे वजन वाढले. पहिल्या ३६ वर्षांपैकी ३२ वर्षे अध्यक्ष व्हर्जिनियाचा होता.

निर्वाचक कसे निवडायचे, हे घटनेने राज्यांच्या विधिमंडळांवर सोडले. कुठे विधिमंडळच निवडी, कुठे जिल्हावार मतदान होई (जिल्हा जिंकेल त्याचा तिथला निर्वाचक), कुठे अख्ख्या राज्याची एकच यादी असे (राज्य जिंकेल त्याचे सगळे). १७९६ मध्ये जिल्हावार पद्धतीमुळे व्हर्जिनियाच्या २१ पैकी एक मत जॉन ॲडम्स यांना गेले, २० त्यांचे प्रतिस्पर्धी, व्हर्जिनियाचेच थॉमस जेफरसन यांना. जानेवारी १८०० मध्ये जेफरसन यांनी व्हर्जिनियातले सहकारी जेम्स मन्रो यांना लिहिले, की सगळी राज्ये पाळणार असतील तर जिल्हा पद्धतच उत्तम. पण इतर पाळत नसताना आपण पाळणे हा मूर्खपणा. व्हर्जिनियाने नियम बदलला आणि त्या वर्षी २१ च्या २१ मते जेफरसन यांना पडली. ॲडम्स यांच्या मॅसॅच्युसेट्समध्ये विधिमंडळाने निवड लोकांकडून काढून स्वतःकडे घेतली. एकाने केले म्हणून दुसऱ्याने, असे होत १८३६ पर्यंत साउथ कॅरोलायना वगळता सगळीकडे राज्यभराची एकच यादी आली. आज अपवाद दोनच: मेन (१९७२ पासून) आणि नेब्रास्का (१९९२ पासून).

आपल्या राष्ट्रपतींनाही निर्वाचकगणच निवडतो. मात्र महाराष्ट्राच्या आमदाराच्या मताचे मूल्य १७५ आणि सिक्कीमच्या ७, ते १९७१ च्या लोकसंख्येवरून; आणि राज्याची सगळी मते एकाच्या पदरात पडत नाहीत.

अमेरिकेत पडतात. २००० मध्ये फ्लोरिडात ५३७ मतांच्या फरकावर २५ निर्वाचक बुश यांना मिळाले. देशभरात गोर पाच लाखांहून अधिक मतांनी पुढे होते. २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन २८ लाखांवर मतांनी पुढे होत्या, पण मिशिगन, विस्कॉन्सिन आणि पेनसिल्व्हेनियातल्या मिळून जेमतेम ७८ हजार मतांनी ४६ निर्वाचक ट्रम्प यांच्याकडे गेले. सिनेटमुळे मिळणारे दोन-दोन निर्वाचक (राजधानीचेही दोन धरून) वजा करून पाहा: २००० मध्ये गोर २२५-२११ असे जिंकले असते, २०१६ मध्ये मात्र जिंकलेल्या राज्यांच्या हिशोबाने ट्रम्प २४६-१९० असे जिंकलेच असते. म्हणून सगळा दोष छोट्या राज्यांच्या माथी मारणे चूक आहे.

घटनादुरुस्ती एकदा खरोखर हाताशी आली होती. १९६९ मध्ये प्रतिनिधिगृहाने थेट निवडणुकीचा प्रस्ताव ३३८ विरुद्ध ७० मतांनी मंजूर केला. सिनेटमध्ये दक्षिणेच्या आणि छोट्या राज्यांच्या सदस्यांनी चर्चा लांबवत नेली. १९७० मध्ये ती थांबवण्याच्या बाजूने ५४, विरोधात ३६ मते पडली. दोन तृतीयांश हवे होते, सहा मते कमी पडली.

त्यानंतर राज्यांनी आपसांत करार करण्याची वाट निघाली: एकूण २७० निर्वाचकांची राज्ये सहभागी झाली, की त्यांनी आपले निर्वाचक देशभरात सर्वाधिक मते मिळवणाऱ्याला द्यायचे. मेरिलँड २००७ मध्ये पहिले सामील झाले. पण एखाद्या राज्यात पक्के बहुमत असलेला पक्ष तिथला फायदा एकतर्फी सोडत नाही. २०२४ मध्ये ओमाहा भागाचे एक मत हातचे जाऊ नये म्हणून नेब्रास्कात रिपब्लिकनांकडून जिल्हा पद्धत मोडण्याचा प्रयत्न झाला, तेव्हा मेनमधल्या डेमोक्रॅट नेत्यांनी आपणही तसेच करू असा इशारा दिला. नेब्रास्कातला प्रयत्न फसला आणि ओमाहाचे मत कमला हॅरिस यांना गेले.