समाजकार्यातील परोपकार आणि सत्ता

गरजूला मदत करणाऱ्याकडे त्याच्या आयुष्याबद्दल ठरवण्याचा अधिकारही येतो. समाजकार्याच्या इतिहासात दया आणि हा अधिकार सुरुवातीपासून एकत्र नांदले आहेत.

इंग्लंडच्या १८३४ च्या दरिद्री कायद्याचा दंडक असा होता, की मदत घेणाऱ्याचे जिणे स्वतः राबणाऱ्या सर्वांत गरीब मजुरापेक्षाही हलाखीचे असावे. वर्कहाऊसच्या, म्हणजे गरिबांना ठेवून काम करून घेणाऱ्या सरकारी आश्रयगृहाच्या, दारात अंगावरचे कपडे काढून गणवेश चढवला जाई. नवरा, बायको आणि मुले यांना वेगवेगळ्या भागांत ठेवले जाई.

लंडनमध्ये १८६९ साली चॅरिटी ऑर्गनायझेशन सोसायटी स्थापन झाली आणि गृहभेटीला शिस्त आली. भेटीला येणारे बहुधा सुखवस्तू घरातले असत. घरात कमावते किती, कोणी दारू पितो का, भाडे थकले आहे का, हे विचारून ते टिपून ठेवत आणि त्यावरून कुटुंब मदतीला ‘लायक’ की ‘नालायक’ हे ठरे. अमेरिकेतील बॉस्टनच्या अशाच संस्थेचे ब्रीद ‘भीक नव्हे, मित्र’ असे होते. त्यामागची कळकळ खरी होती. पण या मित्राला घरात येऊ न देण्याची सोय गरिबाला नव्हती, हेही तितकेच खरे. शिकागोत जेन अ‍ॅडम्स आणि एलेन गेट्स स्टार यांनी १८८९ मध्ये गरिबांच्या वस्तीत हल हाऊस हे सेवाकेंद्र उघडले आणि त्या वस्तीतच राहायला गेल्या. त्याने अंतर घटले, मिटले नाही.

सर्वांत खोल जखमा मुलांच्या बाबतीत झाल्या. ऑस्ट्रेलियात ‘भल्यासाठी’ म्हणून आदिवासी मुले आईपासून तोडली गेली. सरकारने त्याची माफी २००८ मध्ये मागितली. अमेरिकेत सरकारी साहाय्य घेणाऱ्या एकट्या आयांच्या घरी, पुरुष राहतो का हे पाहायला मध्यरात्री झडती होई. पुरुषाशी संबंध असल्याच्या कारणावरून मुलांचे साहाय्य तोडणारा अलाबामा राज्याचा नियम सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये रद्द ठरवला.

हा बदल वरून आला नाही. साहाय्य घेणाऱ्या मातांनी संघटना बांधल्या, मोर्चे काढले आणि उपकाराच्या जागी हक्काची भाषा आणली. सेवार्थीच्या, म्हणजे मदत घेणाऱ्याच्या, स्वनिर्णयाचे तत्त्व समाजकार्याच्या आचारसंहितांत आहे, पण नोंदी लिहिण्याचे काम अजूनही बहुतांशी कार्यकर्त्याकडेच असते. सरकारी देखरेखीत वाढलेल्या एका ब्रिटिश तरुणाने आपले बालपण समजून घ्यायला स्वतःची फाईल मागितली, तेव्हा ती त्याला पूर्ण मिळाली नाही. त्यासाठी त्याला युरोपीय मानवी हक्क न्यायालयात जावे लागले; १९८९ मध्ये निकाल त्याच्या बाजूने लागला.