इथिओपियन लोकांचा इतिहास आणि सांस्कृतिक वारसा

आफ्रिकेच्या ईशान्य भागातील उंच पठारे, त्यांना दुभंगणारी खचदरी आणि भोवतीचा उष्ण सखल प्रदेश यांत वस्ती करून असलेल्या ८०हून अधिक लोकसमूहांचा मिळून इथिओपियन समाज बनला आहे. ओरोमो, अम्हारा, सोमाली, तिग्राई आणि सिदामा हे त्यांतील मोठे समूह होत. या देशाचा इतिहास म्हणजे उत्तरेकडील ख्रिस्ती राजघराण्यांचा इतिहास, असे समीकरण पुष्कळ लेखनात आढळते. लेखी साधने प्रामुख्याने राजदरबारांनी आणि मठांनी जपल्यामुळे ते रूढ झाले. तथापि ओरोमोंची मौखिक परंपरा, हरारचे इस्लामी विद्याकेंद्र आणि दक्षिणेकडील शेतकरी समाज यांना वगळून केलेले वर्णन अपुरेच राहते.

अफार प्रदेशातील हदार येथे १९७४ मध्ये सुमारे ३२ लाख वर्षांपूर्वीच्या मानवपूर्वजाचा सांगाडा सापडला. ‘लूसी’ या नावाने तो जगभर ओळखला जातो. ऐतिहासिक काळातील पहिले मोठे राज्य अक्सुमचे. इ. स. पहिल्या शतकापासून सातव्या शतकापर्यंत भरभराटीस असलेल्या या राज्याचा व्यापार तांबड्या समुद्रावरील अदुलिस बंदरातून रोम, अरबस्तान आणि भारत यांच्याशी चाले. देब्रे दामो येथील मठात सापडलेली कुशाण राजांची सुवर्णनाणी हा त्याचा ठळक पुरावा आहे. अक्सुमच्या राजांनी सोने, चांदी व कांसे यांची स्वतःची नाणी पाडली. चौथ्या शतकात राजा एझाना याने फ्रुमेंटियस या धर्मोपदेशकाच्या प्रभावाने ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि नाण्यांवरील चंद्रकोरीची जागा क्रूसाने घेतली. युरोपातील बहुतेक देशांत ख्रिस्ती धर्म पोहोचण्याआधीची ही घटना असल्याने इथिओपियन चर्चला मिशनऱ्यांनी आणलेली उपरी संस्था समजणे चुकीचे ठरते. अक्सुम येथील अखंड दगडी स्तंभांपैकी सर्वांत मोठा सुमारे ३३ मीटर लांबीचा असून तो आडवा पडलेला आहे. सुमारे २४ मीटर उंचीचा दुसरा स्तंभ इटलीने १९३७ मध्ये रोमला नेला. तो २००५ मध्ये परत आला आणि २००८ मध्ये मूळ परिसरात उभा राहिला.

इस्लामचा संबंधही फार जुना आहे. मक्केतील छळामुळे प्रेषित मुहंमदांच्या अनुयायांचा पहिला गट सुमारे ६१५ मध्ये अक्सुमच्या राजाच्या आश्रयास आला, असे इस्लामी परंपरा सांगते. तिग्राईतील नेगाश हे स्थान या स्मृतीशी जोडलेले आहे. पूर्वेकडील हरार हे तटबंदीचे शहर पुढे विद्या, व्यापार आणि हस्तलिखितांचे केंद्र बनले. ‘बेटा इस्राएल’ हा ज्यू समाजही शतकानुशतके उत्तर पठारावर राहत होता. त्यातील बहुसंख्य लोक विसाव्या शतकाच्या अखेरीस इस्राएलमध्ये स्थलांतरित झाले.

या वारशाचा सर्वांत समृद्ध भाग म्हणजे गीझ भाषेतील लेखनपरंपरा. देवनागरीत व्यंजनाला मात्रा जोडतात त्याप्रमाणे गीझ लिपीत व्यंजनचिन्हाचा आकार किंचित बदलून सात स्वररूपे दाखवतात. गीझ ही बोलभाषा म्हणून हजार वर्षांपूर्वीच मागे पडली, परंतु चर्चच्या प्रार्थना अजूनही त्याच भाषेत होतात आणि अम्हारिक व तिग्रिन्या या भाषा त्याच लिपीत लिहिल्या जातात. कातडे ताणून व खरवडून चर्मपत्र तयार करणे, बोरूने मजकूर उतरवणे आणि पवित्र नावे तांबड्या शाईने लिहिणे ही लेखनिकांची विद्या काही मठांत आजही शिकवली जाते. अद्वाजवळील अब्बा गरिमा मठातील शुभवर्तमानांची हस्तलिखिते रेडिओकार्बन चाचणीनुसार चौथ्या ते सातव्या शतकांच्या दरम्यानची असून जगातील सर्वांत जुन्या सचित्र ख्रिस्ती ग्रंथांत त्यांची गणना होते. हनोखाचे पुस्तक हा प्राचीन ज्यू ग्रंथ तर संपूर्ण स्वरूपात केवळ गीझमध्येच उरला आहे. धर्मसंगीताचे जनकत्व परंपरेने सहाव्या शतकातील संत यारेद यांना दिले जाते. ढोल, टाळसदृश वाद्ये आणि लांब प्रार्थनादंड यांच्या तालावर गायक-पंडित ते आजही सादर करतात.

झाग्वे घराण्यातील राजा लालिबेला याच्या नावाने ओळखली जाणारी ११ चर्चे बाराव्या-तेराव्या शतकांच्या सुमारास खडक कोरून घडवली गेली. एल्लोऱ्याच्या कैलास लेण्याशी परिचित असलेल्या वाचकाला ही पद्धत चटकन उमगेल: चोहोबाजूंनी चर खणून खडक मोकळा करायचा आणि मग तो आतून-बाहेरून कोरायचा. क्रूसाच्या आकाराचे बेते गियोर्गिस हे त्यांतील सर्वांत प्रसिद्ध चर्च. नव्या जेरुसलेमची कल्पना या रचनेमागे असून येथील ओहोळालाही जॉर्डन नदीचेच नाव आहे. ७ जानेवारीच्या नाताळाला पठारभरातून यात्रेकरू येथे येतात.

१२७० मध्ये सत्तेवर आलेल्या घराण्याने आपला वंश राजा सॉलोमन आणि शेबाची राणी यांच्यापासून सांगितला. चौदाव्या शतकातील ‘केब्रा नागास्त’ या ग्रंथात ही कथा आहे. तिला इतिहास न मानता राजसत्तेला अधिष्ठान देणारी परंपरा मानणे योग्य होय. १५२९ पासून पूर्वेकडील अदाल या मुस्लिम सल्तनतीचा सेनानी अहमद इब्न इब्राहिम याने पठाराचा मोठा भाग जिंकला. तेव्हा गोव्याच्या पोर्तुगीज आरमारातून १५४१ मध्ये तांबड्या समुद्रावरील मसावा बंदरात उतरलेली सुमारे ४०० बंदूकधाऱ्यांची तुकडी ख्रिस्ती राजाच्या मदतीस आली. वास्को द गामाचा मुलगा क्रिस्टोव्हाव हा तिचा नायक होता. गोव्यातूनच गेलेल्या जेझुइट या कॅथलिक धर्मप्रचारकांमुळे मात्र पुढे यादवी माजली आणि राजा फासिलिदेस याने त्यांना घालवून १६३६ मध्ये गोंदर ही राजधानी वसवली. सोळाव्या-सतराव्या शतकांत गुलाम म्हणून विकले गेलेले अनेक हबशी दख्खनमध्ये पोहोचले. निजामशाहीचा कर्ता पुरुष मलिक अंबर हा त्यांपैकीच. त्याने १६१० मध्ये वसवलेली खडकी म्हणजे नंतरचे औरंगाबाद.

१८६८ मध्ये रॉबर्ट नेपियरच्या हाताखाली मुंबईहून गेलेल्या ब्रिटिश-भारतीय फौजेने मकदालाचा किल्ला घेतला. सम्राट तेवोद्रोसने आत्महत्या केली आणि हस्तलिखिते, मुकुट व पूजावस्तू यांची लूट इंग्लंडला गेली. १ मार्च १८९६ रोजी अद्वा येथे सम्राट मेनेलिक आणि सम्राज्ञी ताइतू यांच्या सैन्याने इटलीचा पराभव केला. पारतंत्र्यातील आफ्रिकी व आशियाई लोकांना या विजयाने मोठे बळ दिले. त्याच मेनेलिकने दक्षिणेकडील ओरोमो, काफा व इतर समूहांना बळाने साम्राज्यात ओढले, हेही सांगणे आवश्यक आहे. इटलीचा १९३६-४१ मधील कब्जा, १९७४ मध्ये राजेशाहीचा अंत, १९९१ पर्यंतची लष्करी राजवट आणि १९९५ची संघराज्यात्मक राज्यघटना हे पुढचे टप्पे होत.

ओरोमोंची गदा पद्धती ही वयोगटांवर आधारलेली शासनव्यवस्था असून तीत दर आठ वर्षांनी सत्ता नव्या गटाकडे जाते. युनेस्कोने २०१६ मध्ये तिचा अमूर्त वारसायादीत समावेश केला. कोन्सो लोकांनी उतारांवर रचलेल्या दगडी बांधांच्या पायऱ्या आजही पिके देतात. दैनंदिन जीवनात तेफ या बारीक धान्याचे पीठ आंबवून भाजलेली इंजेरा एकाच ताटात सर्वांनी मिळून खाल्ली जाते आणि आदर म्हणून दुसऱ्याला घास भरवला जातो. कॉफीची अरेबिका जात मूळची येथील नैर्ऋत्य जंगलांतील. घरी हिरव्या बिया भाजण्यापासून तिसऱ्या फेरीच्या पेल्यापर्यंतचा कॉफीविधी निवांत चालतो. पंचांगात १३ महिने असून नववर्ष बहुधा ११ सप्टेंबरला सुरू होते आणि वर्षगणना ग्रेगरियन सनाच्या सात-आठ वर्षे मागे असते.

२०२० ते २०२२ मधील तिग्राईच्या युद्धात नेगाशच्या मशिदीसह अनेक वास्तूंची हानी झाली. मकदालाच्या लुटीतील काही वस्तू परत आल्या असून २०१९ मध्ये तेवोद्रोसचे केस लंडनच्या लष्करी संग्रहालयाने परत केले. वेदीवर ठेवल्या जाणाऱ्या ‘ताबोत’ या पवित्र फलकांपैकी काही मात्र अद्याप ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. ते धर्मगुरूंखेरीज कोणीही पाहू नयेत असा नियम असल्याने ते प्रदर्शनात मांडले जात नाहीत, आणि म्हणूनच ते परत देण्याची इथिओपियन चर्चची मागणी अधिक सबळ ठरते.